दारूबंदीचा ठराव होईल त्या दिवशी औषधही गावात असू द्या

प्रति,
मा. आदिवासी विकास मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य;
अनुसूचित क्षेत्र असलेल्या १३ जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांचे प्रकल्प अधिकारी

विषय: ग्रामसभांच्या दारूबंदीला व्यसनउपचाराची जोड देण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

ग्रामसभा दारूबंदीचा ठराव करते. विक्रेत्यांना समज दिली जाते, नाल्याकाठचा मोहसडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुले) ओतून टाकला जातो, पोलीसपाटील आणि बीट जमादार हजर असतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याच रात्री गावातल्या काही माणसांचे हात थरथरायला लागतात. दुसऱ्या दिवशी एखाद्याला झटका येतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडत रानाकडे धावतो. घरचे त्याला भगताकडे किंवा पुजाऱ्याकडे नेतात. नाहीतर शेजारच्या गावातून पव्वा आणून पाजतात आणि तो तासाभरात शांत होतो. हे पाहून गावाची समजूत होते की दारू थांबली की माणूस मरतो आणि पाजली की वाचतो. ठराव मोडायला सुरुवात होते ती इथून. विक्रेत्याला फारसे काही करावेच लागत नाही.

आमचे मागणे त्या तीन-चार दिवसांबद्दल आणि त्यानंतरच्या वर्षाबद्दल आहे. ज्या गावात दारू बंद व्हायची आहे तिथे उपचार आधी पोचावा. ठराव आणि औषध यांची तारीख एकच असावी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती भक्कम आहे. १९९६ च्या पेसा कायद्यातील (अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) कलम ४ नुसार मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेकडे येतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियमही केले. परवानाधारक दुकान मतदानाने बंद करण्याची जी ‘बाटली आडवी’ची पद्धत राज्यात आहे, तिच्यात एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची मते लागतात. मतदानाला न आलेला माणूस दुकानाच्या बाजूने धरला गेल्यासारखेच होते. निम्मे गाव ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असताना ती अट पुरी होणे कठीण. म्हणून आदिवासी गावांत ग्रामसभेचा पेसाखालचा अधिकारच पुढे ठेवावा. तहसील आणि उत्पादन शुल्क कार्यालयांनी ग्रामसभेचा ठराव केवळ ‘शिफारस’ म्हणून फायलीत लावू नये.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘आदिवासी म्हणजे पिणारच’ हे वाक्य कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत सहज बोलले जाते. त्यामुळे खरा आजारी माणूस तपासलाच जात नाही. इतिहास वेगळे सांगतो. इंग्रजांनी १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला, १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा (आजचे रायगड) भागात मोहफुले गोळा करण्यावरच बंधन घातले आणि घरची दारू काढून घेऊन ठेकेदाराचे दुकान गावात बसवले. त्याला उत्तर आदिवासींनीच दिले. १९२२ च्या सुमारास देवीच्या चळवळीत ठाणे-नाशिकचा डोंगरपट्टा, खानदेश आणि दक्षिण गुजरातेतल्या गावांनी दारू सोडली आणि ठेकेदारांवर बहिष्कार टाकला. पुढे १९३० च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांच्या मागे गेलेल्या भिल्लांनी तेच केले. व्यसनमुक्ती या समाजाला बाहेरून शिकवायची गोष्ट नाही. त्या काळी नव्हते ते औषध आज उपलब्ध आहे आणि ते पोचवणे शासनाचे काम आहे.

मोहाबद्दलही इथेच लिहितो. मोहफूल हे अन्न आहे, गुरांचा चारा आहे, देवाला वाहायचे फूल आहे आणि रोख पैसाही आहे. फुले वाळत घातलेल्या अंगणाला दारूचा अड्डा समजून धाड घालणे अन्यायाचे आहे. पूजेत मोहाचे चार थेंब वाहायचे की नाही, हे त्या गावाने ठरवावे. ज्याला सकाळी उठल्याबरोबर प्यायल्याशिवाय हात स्थिर ठेवता येत नाहीत, त्याचा प्रश्न निराळा आहे. त्याला आजार झाला आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, निद्रानाश आणि छातीत धडधड सुरू होते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भ्रम, भास आणि बेभान अवस्था ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते, आणि उपचार झाला नाही तर ती जीव घेऊ शकते. कारण सरळ आहे. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, मेंदू त्यावर मात करायला स्वतःची उत्तेजना वाढवतो, आणि दाब अचानक निघाला की ती वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध तो दाब तात्पुरता परत देते आणि हप्त्याभरात पायरीपायरीने काढून घेते.

मध्यम त्रासाच्या रुग्णाला डॉक्टर साधारण असा क्रम देतात: पहिले दोन दिवस डायझेपाम १० मिलिग्रॅम चार वेळा, पुढचे दोन दिवस तीन वेळा, पाचव्या दिवशी दोन वेळा, सहाव्या दिवशी फक्त रात्री, सातव्या रात्री ५ मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या ३५ गोळ्या. एका माणसाच्या सुटकेला लागणारा मुख्य औषधसाठा एवढाच आहे, आणि ही गोळी स्वस्त आहे. कावीळ झालेल्याला, यकृत खराब असलेल्याला आणि म्हाताऱ्या माणसाला डायझेपाम शरीरात साठून गुंगी आणते, त्याच्यासाठी लोराझेपाम हवे. झटका चालू असताना डायझेपाम दंडात टोचण्याची सवय मोडली पाहिजे, कारण स्नायूतून ते सावकाश आणि बेभरवशाने शोषले जाते. ते शिरेतून हळूहळू द्यावे लागते. शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम स्नायूतून चालते. लोराझेपामचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते, म्हणून जिथे वीज तासन्‌तास जाते त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिडाझोलाम ठेवणेच शहाणपणाचे.

गोळ्यांची पूर्ण पट्टी घरी देऊ नये. रुग्ण गोळ्याही घेतो आणि वर दारूही पितो, मग श्वास मंदावतो. रोजची मात्रा रोज, आशाताईंच्या किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या हातून आणि डोळ्यांदेखत द्यावी. आधी तोंडाचा वास, बोलणे आणि चाल पाहावी. पिऊन आला असेल तर ती मात्रा थांबवून डॉक्टरांना फोन करावा. साठा कुलुपात आणि गोळीगणिक नोंदीत असावा.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक ग्लुकोज सलाइनची आहे. ‘सलाइन लावा’ ही नातेवाइकांची पहिली मागणी असते आणि केंद्रावर तीच सर्वांत लवकर पुरी होते. वर्षानुवर्षे पिणाऱ्या, अर्धपोटी माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला पहिला घटक, जवळजवळ संपलेला असतो. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागते. नुसते ग्लुकोज चढवले की उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज. कुपोषित रुग्णाला पहिले ३ ते ५ दिवस रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम इंजेक्शनातून आणि त्यानंतर काही आठवडे गोळ्या द्याव्यात. सलाइनच्या स्टँडवर एवढी एकच ओळ रंगवून ठेवली तरी स्मृती वाचतील.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक बरळणाऱ्याला दारुडा समजणे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ताप आणि झटके असलेल्या माणसाची मलेरियाची तत्काळ चाचणी झालीच पाहिजे, मेंदूचा मलेरिया अगदी असाच दिसतो. बोटातून रक्त घेऊन साखर पाहावी. पिऊन पडलेल्याचे डोके चाचपून मार बसला आहे का ते बघावे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी दारूने आणि उलट्यांनी कमी होते आणि हाडे-सांधे दुखण्याचा झटका येतो. त्याला सिकलसेल आहे हे त्याच्या कार्डावरून कळले तर केंद्रावर वेळ वाया जाणार नाही.

हे सगळे गावाच्या तयारीत बसवायचे तर ठरावाआधीचे दोन आठवडे महत्त्वाचे. आशाताई घरोघरी जाऊन कोण किती पितो, हे विचारू शकतात. त्यासाठी ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी पुरेशी आहे, ४० पैकी ८ किंवा अधिक गुण म्हणजे धोका आणि २० किंवा अधिक म्हणजे बहुधा अवलंबित्व. मात्र तिच्यातला ‘किती पेले’ हा प्रश्न बाटलीच्या हिशोबाने विचारावा. १८० मिलिलिटरचा देशी-विदेशीचा पव्वा ४२.८ टक्के तीव्रतेचा असेल तर त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने सहा पेले. ‘एकच पव्वा घेतो’ म्हणणारा माणूस चाचणीत एक पेला लिहून सुटतो. घरच्या मोहदारूला असे मापच नाही. पहिल्या धारेची कडक असते, नंतरची फिकी, त्यामुळे तिथे पेल्यांपेक्षा सकाळची थरथर आणि पहिल्या घोटाची वेळ जास्त सांगून जाते. हे प्रश्न माडिया, गोंडी, कोलामी, कोरकू, भिली, पावरी, कातकरी, जी घरात बोलली जाते त्या भाषेत विचारणारी व्यक्ती हवी. दुभाष्या म्हणून त्या माणसाच्या शाळकरी मुलाला उभे करू नये.

ही यादी आशाताई आणि आरोग्य केंद्र यांच्यापलीकडे जाता कामा नये. पोलिसांकडे नाही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाही, दारूबंदी समितीच्या वहीतही नाही. एकदा एक नाव फुटले की पुढच्या गावात कुणीही खरे सांगणार नाही.

यादीतून आधी वेगळी काढायची माणसे अशी: पूर्वी दारू थांबवताना झटका किंवा भ्रम झालेली, कावीळ किंवा पोटात पाणी असलेली, साठीच्या पुढची, गरोदर, क्षयरोगाचे उपचार चालू असलेली, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोललेली. यांनी गावात दारू थांबवू नये. यांना ठरावाच्या आदल्या दिवशीच वाहनाने ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन आठवडाभर दाखल करावे. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाच्या जेवणाची आणि बुडणाऱ्या मजुरीची सोय नसेल तर तिसऱ्या दिवशी दोघेही परत येतात. बाकीच्यांसाठी गावातच सात दिवसांचे शिबिर पुरते: समाजमंदिर, दोन खोल्या, रोज दोनदा नाडी आणि रक्तदाब, भरपूर पाणी, पेज, रात्री दिवा. रात्रीचा दिवा फार कामाचा आहे, अंधारात भास वाढतात. भगत आणि पुजारी यांनाही बोलवावे. लोक त्यांच्याकडेच आधी जाणार, म्हणून दारू थांबवल्यानंतरच्या चार दिवसांतला भ्रम केंद्रात पाठवायचा, एवढे त्यांच्याशी आदराने बोलून ठरवता येते.

हे स्वप्नरंजन नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि २०१६ पासून ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमात तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचार क्लिनिक आणि गावात शिबिरे हा मार्ग चालवला गेला. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ ला उठली. बंदी असावी की नसावी यावर दोन्ही बाजूंनी खूप बोलले गेले. ज्यांचे शरीर दारूवर टेकलेले होते त्यांच्या उपचाराचे काय, हा प्रश्न त्या वादात मागेच पडला. देशाचे चित्रही असेच आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचे आढळले. रस्ता, भाषा आणि बस या तिन्ही अडचणी असलेल्या पाड्यावर तो एकही सापडणे मुश्कील.

सात दिवसांनी शरीर मोकळे होते, ओढ राहते. पहिले तीन महिने सर्वांत घसरणीचे. पहिल्या महिन्यात आठवड्याला, तिसऱ्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला आणि मग वर्षभर महिन्याला भेट व्हावी. पुन्हा प्यायलेल्याला ‘फुकट गेला’ म्हणून यादीतून काढू नये. ओढ कमी करणारे नॅलट्रेक्सोन रोज ५० मिलिग्रॅम दिले जाते, पण यकृत फार बिघडलेल्याला ते देत नाहीत. डायसल्फिरामबद्दल कडक सूचना काढावी. ही गोळी चालू असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच ती द्यायची असते. बाजारात ‘न सांगता भाजीत मिसळा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दारू सोडवण्याच्या पावडरी अन्न व औषध प्रशासनाने तपासून जप्त कराव्यात. क्षयरोगाचे आयसोनियाझिड घेणाऱ्याला डायसल्फिराम दिले तर तोल जाणे आणि वेडसर वागणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. आदिवासी भागात क्षय आणि दारू एकाच घरात भेटतात, म्हणून दोन्ही उपचारांची नोंद एकाच कार्डावर हवी.

वेळापत्रक जंगलाचे आणि स्थलांतराचे धरावे. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, लगोलग तेंदूपत्ता येतो आणि एकरकमी पैसा हातात पडतो. तो काळ घसरणीचा आहे, त्या आठवड्यांत भेटी दुप्पट कराव्यात. दिवाळीनंतर नंदुरबारची माणसे ऊसतोडीला जातात, कातकरी वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर, आणि पुढे गडचिरोलीची माणसे तेलंगणात मिरची तोडायला. भट्टीवर उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आणि आठवड्याची खर्ची (खर्चापुरते पैसे) असते, आणि खर्चीच्या दिवशी दारूवाला हिशोबाच्या जागेशेजारीच बसतो. कामगार विभागाने भट्टी तपासताना उचलीतून दारूचे पैसे कापले जातात का, हे मजुराला मालकापासून बाजूला घेऊन विचारावे. कर्जापायी माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखालचा गुन्हा आहे. स्थलांतरापूर्वी उपचारकार्ड सोबत द्यावे, आणि जिथे जातील त्या जिल्ह्यातल्या केंद्राने ते मान्य करावे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची, मोफत फोनसेवा कार्डावर छापावी, पण ज्या पाड्यावर फोनच लागत नाही तिथे तेवढ्यावर काम झाल्याचे दाखवू नये.

दंडाबाबत ग्रामसभांनाही आमचे सांगणे आहे. पिणाऱ्यावर लावलेला दंड शेवटी त्याची बायको मजुरीतून भरते. दंड विक्रेत्यावर ठेवा. कुटुंब वाळीत टाकू नका, २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. विक्री करणारी विधवा किंवा टाकलेली बाई असेल तर तिला रोजगार हमीचे काम, गौणवनोपज खरेदीत जागा आणि निराधार योजनेचा अर्ज हे त्याच बैठकीत द्यावे, नाहीतर तिची भट्टी चार दिवसांत नाल्यापलीकडे सरकते. जवळच्या पाच-सहा गावांनी एकाच वेळी ठराव केला तर ही सरकासरकी बरीच थांबते. छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांना मात्र दोन्हीकडच्या पोलिसांचा समन्वय लागेलच.

खर्ऱ्याला (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) स्वतंत्र पत्र लागेल. सध्या एवढेच: आश्रमशाळेच्या आरोग्य तपासणीत प्रत्येक मुलाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर सुपारीने जबडा आखडायला लागला आहे. राज्यात खर्ऱ्यावर बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मुलांसमोर शिक्षक खर्रा घोटत असतील तर तपासणीचा उपयोग होणार नाही.

पैशाची अडचण सांगितली जाऊ नये. पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळणाऱ्या ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायच्या) निधीत आरोग्य हा विषय आहेच, आदिवासी उपयोजना आहे, खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे. आम्ही मागतो ते असे: अनुसूचित क्षेत्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका वेळी दहा रुग्णांना पुरेल एवढे डायझेपाम, थायमिनची इंजेक्शने आणि मिडाझोलाम, वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना तीन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, जिल्हा मानसोपचारतज्ज्ञांचा रात्रीही उचलला जाणारा एक क्रमांक, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चार खाटा आणि तालुक्याला स्थानिक भाषा येणारे दोन समुपदेशक. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर करू नका, रुग्णाचा पाठपुरावाच वर्षभराचा आहे.

पहिला साठा होळीच्या आत केंद्रांवर पोचावा. मोह पडायला लागल्यावर आलेल्या औषधाचा या वर्षी उपयोग होणार नाही. कोणत्या केंद्रात काय पोचले, याची तालुकावार यादी प्रकल्प कार्यालयाच्या आणि ग्रामसभेच्या फलकावर लावावी, म्हणजे ठरावाची तारीख ग्रामसभांना तिच्यावरून धरता येईल.

आपले,
अनुसूचित क्षेत्रात व्यसनउपचाराचे काम करणारे कार्यकर्ते, समुपदेशक आणि परिचारिका